ख्रिस्ती जीवनात शहाणा कोणाला म्हणावे?

बायबलमधील वचने तोंडपाठ असणारा माणूस शहाणा, की धर्मशास्त्राची पदवी मिळवलेला? सोशल मीडियावर रोज वचने पाठवणारा, की वादात समोरच्याला गप्प करणारा? बायबलने दिलेले माप यांपैकी कोणतेही नाही. ते माप काय आहे, हे समजून घेऊया.

बायबल काय सांगते?

जुन्या करारातील शलमोन राजाने देवाकडे संपत्ती किंवा दीर्घायुष्य मागितले नाही. लोकांचा न्याय नीट करता यावा म्हणून बरे-वाईट ओळखण्याची बुद्धी मागितली. म्हणजे शहाणपण मागितले ते इतरांसाठी. पण याच शलमोनाचे मन उतारवयात देवापासून ढळले, हेही बायबल लपवत नाही. एकदा मिळालेले शहाणपण आयुष्यभर पुरतेच असे नाही.

नव्या करारात येशूने घर बांधणाऱ्या दोघांचा दृष्टांत दिला. एकाने खडकावर घर बांधले, दुसऱ्याने वाळूवर. दोघांनी शिकवण ऐकलेली होती. फरक एवढाच, की शहाण्याने ती आचरणात आणली.

सर्वांत स्पष्ट कसोटी याकोबाच्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात आहे. स्वतःला ज्ञानी समजणाऱ्याने ते चांगल्या वागणुकीतून आणि नम्रतेतून दाखवावे, असे याकोब सांगतो. मत्सर आणि स्वार्थी चढाओढ असेल, तर ते शहाणपण देवाकडचे नाही. देवाकडचे शहाणपण शुद्ध, शांतताप्रिय, सौम्य, दयेने भरलेले, पक्षपात न करणारे आणि निष्कपट असते.

महाराष्ट्रातील उदाहरण : पंडिता रमाबाई

रमाबाईंचा जन्म 1858 सालचा. संस्कृत विद्येसाठी 1878 मध्ये कलकत्त्यात त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केले. ते पुढे पुण्यात आणि नंतर केडगावला गेले.

1896–97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अशा शेकडो मुली-बायका राहू लागल्या. त्यांना लिहिणे-वाचणे, विणकाम, शेतीकाम आणि छपाईचे काम शिकवले गेले.

पुढे रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबल मराठीत आणले. संस्कृतप्रचुर मराठी त्यांना सहज लिहिता आली असती. पण कमी शिकलेल्या बाईलाही कळावे म्हणून त्यांनी सोपे शब्द निवडले. त्यांची विद्वत्ता ‘पंडिता’ या पदवीत दिसते. त्यांचे शहाणपण मात्र केडगावात आणि त्या सोप्या शब्दांत दिसते.

नम्रता म्हणजे मान तुकवणे का?

नाही. बाप्तिस्म्यानंतर इंग्लंडमधील धर्मभगिनींनी रमाबाईंकडून चर्चच्या अधिकाराची आज्ञाधारक स्वीकृती अपेक्षिली. रमाबाईंनी पत्रांतून आपल्या शंका उघड मांडल्या आणि सदसद्विवेकबुद्धी दुसऱ्याच्या हाती देण्यास नकार दिला. याकोबाला अभिप्रेत नम्रता म्हणजे मोठेपणा मिरवण्याची हाव नसणे. त्यासाठी स्वतःचे मत सोडावे लागत नाही.

मग शिक्षणाला किंमत नाही का?

आहे. हिब्रू-ग्रीक शिकल्याशिवाय रमाबाईंचे भाषांतर झालेच नसते. प्रश्न ज्ञान किती, हा नाही. त्या ज्ञानाचा उपयोग कोणाला झाला, हा आहे.

हे माप स्वतःला कसे लावावे?

तीन प्रश्न पुरेसे आहेत. माझ्या बोलण्याने भांडण मिटते की पेटते? ज्याच्याकडून मला काहीच मिळणार नाही, त्याच्याशी मी कसा वागतो? माझी चूक दाखवून दिली, तर मी ऐकून घेतो का?

याची उत्तरे आपल्या पोस्टमध्ये सापडणार नाहीत. ती घरच्यांना, शेजाऱ्यांना आणि आपल्या हाताखाली काम करणाऱ्यांना ठाऊक असतात.