कोयनेचे टेकू, क्युरींचा स्फटिक आणि किल्लारीचे माळवद

१/ भूकंपाचा इतिहास आपण बहुधा मृतांच्या आकड्यांनी मोजतो. आज या धाग्यात इमारतीचे कंपन आवरण्याच्या कल्पनेचा इतिहास पाहू.

२/ ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. कोयनानगर हादरले. १०३ मीटर उंच धरणाच्या अंतर्भागातील प्रवेगमापकाने गुरुत्वाच्या ०.६३ पट प्रवेग टिपला. धरण फुटले नाही. परंतु उंच खंडांत, जिथे मागील बाजूचा उतार एकाएकी बदलतो, तिथे आडव्या भेगा पडल्या. अभियंत्यांनी त्या खंडांना मागून काँक्रीटचे टेकू दिले. हादरा मोठा, म्हणून भिंत जाड, असे ते उत्तर होते. ती नोंद मात्र जगभर गेली. काँक्रीट धरणांच्या गणितात ‘कोयना’ हे आजही कसोटीचे उदाहरण आहे.

३/ दुसऱ्या उत्तराचे मूळ पॅरिसमध्ये. १८८० साली ज्याक आणि पिएर क्युरी यांना आढळले की क्वार्ट्झ दाबला असता त्यावर विद्युतभार प्रकटतो. वर्षभरात उलट परिणामही सिद्ध झाला : विद्युतदाब दिल्यास स्फटिक आकार बदलतो.

४/ अशा गुणाच्या सिरॅमिकची चकती कंप पावणाऱ्या पट्टीवर चिकटवली, की वाकण्याची ऊर्जा विजेत उतरते. १९९९ च्या सुमारास फ्रान्समधील ल्याँ येथील संशोधकांनी त्यात एक स्विच घातला. पट्टी टोकाला पोहोचताच तो क्षणभर मिटतो, विद्युतदाब उलटतो आणि चकतीचे बल सतत गतीच्या विरुद्ध राहते. वीज लागते ती जवळजवळ स्विचपुरतीच. म्हणूनच हे नियंत्रण ‘अर्धसक्रिय’. (गंमत अशी की पिझो चकती, स्विचविना का होईना, १९९५ च्या सुमारास बर्फावरच्या स्कींतही बसली होती!) इमारतींसाठी घर्षण-शोषकाची पकड अशा स्फटिकाने कमीजास्त करण्याचे प्रयोग झाले, ते बव्हंशी प्रयोगशाळेतच राहिले.

५/ आणि आपल्याकडे? करकंबपासून लातूरपर्यंतच्या पट्ट्यात माळवद हा जुना घरप्रकार : दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचे जड छत. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जनानंतरच्या पहाटे, किल्लारी परिसरात याच भिंती दुभंगल्या आणि छते झोपलेल्यांवर कोसळली. सुमारे दहा हजार माणसे गेली. इथे जाडी हाच घात ठरला. कारण भिंतीचे आतले व बाहेरचे थर एकमेकांना बांधलेलेच नव्हते.

६/ त्यानंतर उरलेल्या माळवदांसाठी सुचवलेल्या उपायांत स्फटिक नव्हता. छतावरची माती कमी करा, भिंतीभोवती पट्टा बांधा, आणि थोड्या थोड्या अंतरावर भिंतीच्या आरपार जाणारा एक दगड बसवा.