व्हीएलएक्स: एका फाइलीत बांधलेली लिस्प

जित्याहून पनवेलच्या ड्रॉइंग ऑफिसांत जाणाऱ्या आम्हा ड्राफ्ट्समनना लिस्प ही प्रोग्रॅमिंगची भाषा कुणी वर्गात शिकवली नाही. ती ऑटोकॅड या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरबरोबर आली. जित्यावरून जाणारी आपटा-रोहा रेल्वे १९८६ सालची, आणि ऑटोकॅडच्या २.१८ आवृत्तीत ऑटोलिस्प आली तीही त्याच वर्षी. तिचं मूळ डेव्हिड बेट्झ यांच्या एक्सलिस्पमध्ये. त्याही मागे जावं तर १९५८ सालापासून जॉन मॅकार्थी यांनी घडवलेली लिस्प.

त्या भाषेत लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅमलाही आम्ही लिस्पच म्हणायचो. ऑफिसात ‘तुझ्याकडची लिस्प दे ना’ असं म्हणून फ्लॉपी पुढे केली जायची. मला सगळ्यात प्रिय होती गुंठ्यांची लिस्प. प्लॉटच्या आत क्लिक केलं की ती चौरस मीटरला १०१.१७ ने भागून गुंठे लिहायची. पेण-रोह्याकडचा शेतकरी नकाशा हातात घेतला की आधी गुंठेच बघतो. त्याच्यासाठी असं काही लिहून ठेवणाऱ्या माणसाबद्दल मला आजही आदर वाटतो.

मात्र ही लिस्प एकटी नसायची. क्षेत्रफळ काढणारं फंक्शन दुसऱ्या फाइलीत, प्रश्न विचारणारी चौकट डीसीएल फाइलीत. यातलं एक जरी मागे राहिलं तरी दुसऱ्या मशीनवर काम थांबायचं; फंक्शन राहिलं असेल तर ‘नो फंक्शन डेफिनिशन’ असा संदेश यायचा. सगळं बरोबर नेलं तरी दोन लिस्पमध्ये एकाच नावाचं व्हेरिएबल असलं की आकडे बिघडायचे, आणि बिघडलेला आकडा नकाशावर अगदी खरा दिसायचा.

यावर तोडगा आला तो व्हिज्युअल लिस्पमधून. बेसिस सॉफ्टवेअरची व्हायटल लिस्प ऑटोकॅडच्या ऑटोडेस्क कंपनीने घेतली आणि ऑटोकॅड २००० पासून ती व्हिज्युअल लिस्प या नावाने आतच मिळू लागली. आता लिस्पच्या सगळ्या एलएसपी फाइली आणि डीसीएल फाइली कंपाइल करून एका व्हीएलएक्समध्ये बांधता येऊ लागल्या. हवं तर तिची व्हेरिएबल्सही वेगळी ठेवता येत. तरी ती स्वतंत्र प्रोग्रॅम झाली नाही. चालायला ऑटोकॅड हवंच. ऑटोकॅडबाहेरच्या लिस्पमध्ये मात्र तसं करता येतं: एसबीसीएलसारखी कॉमन लिस्प आधी सगळ्या लायब्ररी मेमरीत चढवते, मग कंपायलरसकट ती अख्खी मेमरीच एक्झिक्युटेबल म्हणून डिस्कवर उतरवते. फाइल मोठी होते, पण समोरच्या मशीनवर लिस्प बसवावी लागत नाही. सीमध्ये लिहिलेल्या शेअर्ड लायब्ररी मात्र तिथेही सहसा बाहेरच राहतात, त्या वेगळ्या न्याव्या लागतात.

व्हीएलएक्सने वाटणं सोपं केलं, पण वाचणं बंद केलं, हे मला मनापासून खटकतं. आमची पिढी दुसऱ्याची लिस्प नोटपॅडमध्ये उघडून, कंस मोजत शिकली. एका ऑफिसात लिस्प लिहिणारा माणूस नोकरी सोडून गेला आणि मागे नुसत्या व्हीएलएक्स राहिल्या. पुढे एक आकडा बदलायचा तर सगळं नव्याने लिहावं लागलं. ऑटोकॅडऐवजी ब्रिक्सकॅड घेतल्यावर तर त्या व्हीएलएक्स उघडल्याच नाहीत. गुंठ्यांची लिस्प तेवढी साध्या एलएसपीत होती, ती तिथेही चालली.