नऊ पिनांत चंद्रपूर

१९८० साली एप्सनचा एमएक्स-८० प्रिंटर आला आणि घरगुती संगणकांना जोडला जाऊ लागला. दोन वर्षांनी, २६ ऑगस्ट १९८२ रोजी, चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. या प्रिंटरच्या नऊ पिना शाईच्या फितीवर आपटून ठिपके उमटवीत. त्यात इंग्रजी अक्षर मावे. आपले ‘चंद्रपूर’ मात्र शिरोरेषेवर अनुस्वार आणि खाली ऊकार मागते. नऊ ठिपक्यांच्या उंचीत ते नीट बसेना. मग अक्षराचे चित्र करून एकेक ओळ अनेक फेऱ्यांत छापावी लागे. कानपूरच्या आयआयटीत जन्मलेले आणि पुण्याच्या सी-डॅकने वाढवलेले जिस्ट तंत्र इथे कामी आले. मला वाटते, ही खटपट हवीच होती. धान पिकवणाऱ्याला स्वतःच्या नावाचा कागद स्वतः वाचता यायला नको का?