प्रॉपर्टीज विंडोतलं अधिकचं चिन्ह

व्हिज्युअल स्टुडिओत फॉर्मवर एखादं बटण ठेवलं की बाजूच्या प्रॉपर्टीज विंडोत त्याची सगळी माहिती ओळीओळीने येते. त्यातल्या फॉन्ट, साइझ, लोकेशन, पॅडिंग अशा काही ओळींच्या डावीकडे एक बारीकसं चिन्ह असतं. पूर्वी ते चौकटीतलं अधिक होतं, आता बाण असतो. ते दाबलं की त्या ओळीखाली आणखी ओळी उलगडतात. रोज काम करणाऱ्याला हे चिन्ह विंडोबरोबरच जन्माला आलं असं वाटतं. मी मात्र बरीच वर्षं इतर प्रोग्रामरांनी वापरायचे कंट्रोल, म्हणजे बटणासारखे फॉर्मवर ठेवायचे तुकडे, लिहिले आहेत. त्यामुळे हे चिन्ह किती उशिरा आणि किती वळणांनी आलं, ते मला ठाऊक आहे. १९९१ पासून २००२ पर्यंतच्या त्या प्रवासात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा सोडवला गेला: वस्तूच्या आत काय आहे, हे सांगायचं कोणी? विंडोने, की त्या वस्तूने स्वतः?

सुरुवात कॅलिफोर्नियातल्या ॲलन कूपरपासून करायला हवी. त्याने विंडोजसाठी ‘ट्रायपॉड’ नावाचा प्रोग्राम लिहिला होता. त्यात पडद्यावर तयार तुकडे ओढून आणायचे आणि मांडायचे. १९८८ मध्ये बिल गेट्सने तो पाहिला आणि मायक्रोसॉफ्टने तो घेतला. त्याचं पुढचं रूप म्हणजे ‘रुबी’ (पुढे याच नावाची जी भाषा आली, तिचा याच्याशी संबंध नाही). मायक्रोसॉफ्टमधल्या लोकांनी रुबीला बेसिक भाषा जोडली आणि मे १९९१ मध्ये व्हिज्युअल बेसिक बाजारात आलं. रुबीतली एक सोय फार दूरदृष्टीची होती: पडद्यावर मांडायचे तुकडे बाहेरच्या फाइलमधून आणता येत. त्यातूनच व्हीबीएक्स कंट्रोल निघाले, आणि कंट्रोल लिहून विकणं हा एक स्वतंत्र धंदा झाला. अमेरिकेत शेरिडन, क्रेसेंट, मायक्रोहेल्प, फारपॉइंट अशा कंपन्या या धंद्यात होत्या.

पण व्हीबीएक्स लिहायला सी भाषा लागे, आणि त्याच्या प्रॉपर्टी ठरावीक प्रकारांच्याच असत. मजकूर, पूर्णांक, रंग, हो-नाही, चित्र, ठरलेल्या पर्यायांपैकी एक, असे ते प्रकार. वस्तूच्या आत दुसरी वस्तू ही कल्पनाच त्या यादीत बसत नव्हती. म्हणून सुरुवातीच्या व्हिज्युअल बेसिकमध्ये फॉन्टसुद्धा एक वस्तू नव्हती. फॉन्टनेम, फॉन्टसाइझ, फॉन्टबोल्ड, फॉन्टइटॅलिक, फॉन्टस्ट्राइकथ्रू, फॉन्टअंडरलाइन अशा सहा सुट्या ओळी होत्या. पुढे फॉन्ट ही एक वस्तू झाली. तिच्या ओळीत तीन टिंबांचं बटण आलं, ते दाबलं की निवडीची खिडकी उघडे. ओळीखाली ओळी मात्र उलगडत नव्हत्या.

माझं काम पुण्यात, नारायण पेठेतल्या एका लहान कंपनीत. आम्ही पतसंस्थांचे हिशेब कॉम्प्युटरवर आणत होतो. १९९७ मध्ये व्हिज्युअल बेसिक ५ आलं आणि सी न शिकताही, बेसिकमध्येच कंट्रोल लिहिता येऊ लागले. तेव्हा आम्ही रक्कम दाखवणारी एक पट्टी केली. वर आकडा, खाली ‘अक्षरी रुपये’. तिला चार कडा होत्या आणि प्रत्येक कडेला रंग, जाडी, प्रकार. म्हणजे नुसत्या कडांच्याच बारा ओळी. कड हा वेगळा क्लास करून तो प्रॉपर्टी म्हणून दिला, तर व्हिज्युअल बेसिकची विंडो ती ओळच दाखवत नसे. वेगळं प्रॉपर्टी पेज बांधायचं आणि यादीतल्या ‘कस्टम’ या ओळीतून ते उघडायचं, एवढा एकच मार्ग होता. त्यापेक्षा आम्ही बाराच्या बारा ओळी यादीत ठेवल्या. यादी वर्णानुक्रमे लागते, म्हणून सगळ्यांच्या नावाची सुरुवात ‘बॉर्डर’ने करायची, मग डावी-उजवी, मग रंग की जाडी. नावं लांबलचक होत, पण निदान शेजारी शेजारी बसत. त्या काळातला कुठलाही कंट्रोल उघडून पाहा, नावांची ही ठेवण सगळीकडे दिसेल.

मराठीचा प्रश्न त्याहून अवघड होता. तेव्हाचे मराठी फॉन्ट म्हणजे रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेले देवनागरीचे तुकडे. फॉर्मवर ‘खाते क्रमांक’ नीट दिसे, पण प्रॉपर्टीज विंडोचा फॉन्ट आपल्या हातात नसल्यामुळे तिथे कॅप्शनच्या ओळीत अगम्य रोमन अक्षरं आणि खुणा उमटत. शब्द बदलायचा तर त्या खुणांतच बदलावा लागे. कोणता तुकडा कुठल्या कळीवर आहे हे आमच्यातल्या काहींना तोंडपाठ झालं होतं.

वस्तूच्या आतल्या वस्तूचा हा प्रश्न याच काळात बोर्लंड या कंपनीने निराळ्या बाजूने सोडवला होता. १४ फेब्रुवारी १९९५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत तिचं डेल्फी जाहीर झालं. त्याचा मुख्य शिल्पकार अँडर्स हेल्सबर्ग, टर्बो पास्कलचा कर्ता. डेल्फीतल्या ऑब्जेक्ट इन्स्पेक्टरमध्ये, म्हणजे तिथल्या प्रॉपर्टीज विंडोत, ‘फॉन्ट’ या नावाआधी अधिकचं चिन्ह होतं. त्यावर दोनदा क्लिक केलं की खाली कलर, हाइट, नेम, साइझ, स्टाइल वगैरे. स्टाइलच्या आधीही अधिक: ते उघडलं की बोल्ड, इटॅलिक, अंडरलाइन, स्ट्राइकआउट, प्रत्येकापुढे हो किंवा नाही. मसाल्याच्या डब्यासारखं: झाकण काढेपर्यंत एक डबा, काढलं की आत वाट्या. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कितीतरी वेळ नुसती उघडझाप करत बसले होते.

डेल्फीत कंट्रोल लिहायची आणि वापरायची भाषा एकच होती. क्लासमध्ये ‘पब्लिश्ड’ म्हणून एक भाग असे. त्यात जे लिहाल त्याचं नाव-गाव कंपायलर तयार प्रोग्राममध्ये नोंदवून ठेवी, आणि इन्स्पेक्टर ती नोंद वाचे. ‘टीपर्सिस्टंट’पासून काढलेल्या क्लासची प्रॉपर्टी दिली की तिच्या ओळीआधी अधिकचं चिन्ह आपोआप येई. फॉर्मच्या फाइलमध्येही ‘फॉन्ट.कलर’, ‘फॉन्ट.हाइट’ अशा टिंब दिलेल्या ओळी लिहिल्या जात, आणि फॉर्म पुन्हा उघडला की त्या वाचल्या जात. दाखवणं आणि जपून ठेवणं या दोन्हींची एकत्र काळजी घेतली होती. माझ्या मते या इतिहासातला सगळ्यात मोठा बदल इथेच झाला, नंतरच्यांनी त्याची डागडुजी केली.

१९९६ मध्ये हेल्सबर्ग मायक्रोसॉफ्टमध्ये गेला. तिथे व्हिज्युअल जे प्लस प्लस आणि त्यासोबतची डब्ल्यूएफसी ही लायब्ररी हे त्याचं काम. ती १९९८ मध्ये आली. नंतर सी शार्प ही भाषा. १३ फेब्रुवारी २००२ रोजी व्हिज्युअल स्टुडिओ डॉट नेट आलं आणि बोर्लंडमधला तो विचार मायक्रोसॉफ्टच्या घरात, पण वेगळ्या बांधणीने, नांदू लागला. इथे खास ‘पब्लिश्ड’ भाग नाही. क्लासवर चौकटी कंसात एक ॲट्रिब्यूट लिहायचं, ‘टाइपकन्व्हर्टर’, आणि त्यात नाव द्यायचं ‘एक्सपांडेबलऑब्जेक्टकन्व्हर्टर’. एवढी एक ओळ लिहिली की तुमच्या क्लासच्या आधी अधिकचं चिन्ह.

या भल्या मोठ्या नावाच्या क्लासचा कोड आज कोणालाही वाचता येतो. त्यात मेथड दोनच आहेत. विंडो प्रत्येक वस्तूला विचारते, तुझ्या आत दाखवण्यासारख्या प्रॉपर्टी आहेत का? वस्तूच्या वतीने साधा टाइपकन्व्हर्टर ‘नाही’ म्हणतो. हा ‘हो’ म्हणतो, ही पहिली मेथड. मग विंडो म्हणते, दे यादी. ती यादी देणारी दुसरी. विंडोला ना कड माहीत, ना फॉन्ट, ना तुमची पतसंस्था. ती विचारते आणि मिळालेलं उत्तर मांडते. आम्ही ज्या बारा ओळी नावं जुळवून शेजारी बसवल्या होत्या, त्यांच्या जागी ‘कडा’ ही एक ओळ आली. ती उघडली की चार बाजू आणि प्रत्येकीत तीन गोष्टी.

ओळ उलगडली म्हणजे काम संपत नाही. आतल्या रंगाचा बदल फॉर्मच्या कोडमध्ये, म्हणजे ‘इनिशिअलाइझकंपोनंट’ या मेथडमध्ये, लिहिला जायला हवा. त्यासाठी प्रॉपर्टीवर ‘डिझायनरसीरिअलायझेशनव्हिजिबिलिटी’चं ‘कंटेंट’ हे मूल्य द्यावं लागतं. म्हणजे ही वस्तू नव्याने निर्माण करू नकोस, तिच्या आतलं तेवढं लिहून ठेव. केवळ वाचता येणाऱ्या प्रॉपर्टीवर ते दिलं नाही, तर फॉर्म बंद करून उघडल्यावर रंग पुन्हा मूळचा. आत बदल झाला की वरच्या ओळीला कळावं म्हणून ‘नोटिफायपेरेंटप्रॉपर्टी’ लागतं. आणि वरच्या ओळीत क्लासचं लांबलचक नाव न दिसता काही अर्थपूर्ण दिसावं, तर ‘टूस्ट्रिंग’ आपल्या हाताने लिहावं लागतं. हे तिन्ही केलेला कंट्रोल आणि न केलेला कंट्रोल दिसायला सारखेच असतात. फरक कळतो तो दुसऱ्या दिवशी फॉर्म उघडणाऱ्याला. अनोळखी सहकाऱ्याचा तो दिवस वाचवणं हेच कंट्रोल लिहिणाऱ्याचं खरं कौशल्य, असं मी मानत आले आहे.

साइझची गोष्ट आणखी सुरेख आहे. साइझ हा क्लास नाही, स्ट्रक्ट आहे. बटणाकडे साइझ मागितला तर त्याची प्रत मिळते. प्रतीची रुंदी बदलून बटण बदलत नाही, म्हणून ‘बटण.साइझ.विड्थ = १००’ असं लिहिलं तर सी शार्पचा कंपायलर चूक दाखवून थांबतो. मग विंडोत मात्र विड्थची ओळ बदलली की बटण रुंद कसं होतं? साइझचा कन्व्हर्टर आणखी एका प्रश्नाला ‘हो’ म्हणतो: आतल्या किमती दिल्या तर तू नवी वस्तू घडवशील का? विंडो जुनी उंची आणि नवी रुंदी त्याच्या हाती देते, तो नवा साइझ घडवतो, आणि तो अखंड बटणाला दिला जातो. कोडमध्ये जी ‘न्यू साइझ (७५, २३)’ अशी ओळ दिसते, ती लिहिण्यासाठी लागणारी माहितीही हाच कन्व्हर्टर पुरवतो.

डॉट नेटने आणखी एक गोष्ट केली, आणि तिच्याबद्दल मी कायम कृतज्ञ राहीन. प्रॉपर्टीज विंडोच्या आतला तक्ता ‘प्रॉपर्टीग्रिड’ या नावाने सगळ्यांना खुला केला. आपल्या प्रोग्राममध्ये तो कोणीही ठेवू शकत होतं. विंडोज २००० पासून देवनागरी आणि मंगल फॉन्ट विंडोजमध्ये आलेच होते, त्यामुळे या तक्त्यात मराठी मराठीसारखी दिसे. सुरुवातीला गटाचं नाव आणि खालचं वर्णन मराठीत देता येई, प्रॉपर्टीचं नाव कोडमधलंच दिसे. २००५ मध्ये ‘डिस्प्लेनेम’ आलं आणि नावंही मराठी झाली. शाखेच्या व्याजदरांचा पडदा आम्ही असा केला: ‘मुदत ठेव’ उघडलं की खाली ९० दिवस, १८० दिवस, १ वर्ष, २ वर्षे. तक्ता ओळी वर्णानुक्रमे लावतो, त्यामुळे मुदतींचा क्रम बिघडे. त्यावर उपाय म्हणजे एक्सपांडेबलऑब्जेक्टकन्व्हर्टरपासून आपला कन्व्हर्टर काढायचा आणि यादी देणाऱ्या मेथडमध्ये नावं हव्या त्या क्रमाने लावून द्यायची. मायक्रोसॉफ्टचा पॅडिंगचा कन्व्हर्टरही हेच करतो. म्हणून तिथे ऑल, लेफ्ट, टॉप, राइट, बॉटम असा क्रम दिसतो. आमच्या एका शाखाधिकाऱ्यांनी हा पडदा पाहिला आणि भिंतीवरच्या दरफलकाशी ताडून वरून खाली वाचत गेले. ‘मॅडम, हे फलकासारखंच आहे की,’ म्हणाले आणि लगेच दर भरायला बसले.

पुढचं थोडक्यात. २००६ मध्ये डब्ल्यूपीएफ ही मायक्रोसॉफ्टची पडदे बांधायची नवी लायब्ररी आली. तिच्यात मार्जिनसाठी ‘१०,५,१०,५’ असा मजकूर लिहिला जातो, त्याचं चार बाजूंत रूपांतर करणारा टाइपकन्व्हर्टरच. डिसेंबर २०१८ मध्ये विंडोज फॉर्म्सचा, म्हणजे वर सांगितलेल्या डॉट नेटमधल्या फॉर्म आणि कंट्रोलच्या लायब्ररीचा, कोड मायक्रोसॉफ्टने खुला केला, २०१९ मध्ये तो डॉट नेट कोअर या नव्या डॉट नेटवर गेला. पण व्हिज्युअल स्टुडिओ स्वतः जुन्या डॉट नेट फ्रेमवर्कवर चालत असल्यामुळे नवे कंट्रोल त्याच्या पोटात उघडणं अशक्य झालं. आता कंट्रोल वेगळ्या प्रोसेसमध्ये जगतो आणि प्रॉपर्टीज विंडो व्हिज्युअल स्टुडिओत, आणि दोघांतली प्रश्नोत्तरं प्रोसेसची हद्द ओलांडून होतात. खास डिझायनर आणि एडिटर लिहिणाऱ्यांना त्यापायी आपलं काम दोन भागांत नव्याने करावं लागलं.

नव्या मुलामुलींना मी आजही कडेच्या क्लासपासूनच शिकवते. आधी ॲट्रिब्यूट न देता फॉर्म उघडायला सांगते: करड्या अक्षरांत नुसतं क्लासचं नाव दिसतं, काही उघडत नाही. मग ती एक ओळ लिहायची, बिल्ड करायचं, रंग बदलायचा, फॉर्म बंद करायचा. आणि पुन्हा उघडण्याआधी इनिशिअलाइझकंपोनंटमध्ये जाऊन रंगाची ओळ खरंच लिहिली गेली आहे का, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहून मला सांगायचं.