‘उतराई’ : कृतज्ञतेचा एक जुना शब्द

उपकाराची पोच आज ‘आभार’ किंवा ‘धन्यवाद’ या शब्दांनी दिली जाते. जुन्या मराठीत यासाठी ‘उतराई होणे’ हा प्रयोग होता. आता तो बहुधा पोथ्यांत आणि कीर्तनांतच कानी पडतो.

हा शब्द ‘उतरणे’ या क्रियापदापासून झाला. त्याच्या मुळाशी पार जाण्याचा अर्थ असलेला संस्कृत धातू आहे. ‘उत्तीर्ण’ हा त्याच कुळातला. नदी पायी ओलांडण्याच्या जागेला मराठीत ‘उतार’ म्हणतात, तर हिंदीत ‘उतराई’ म्हणजे पैलतीरी नेल्याबद्दल नावाड्यास द्यावयाचे द्रव्य. तुलसीदासांच्या रामचरितमानसातील केवट श्रीरामांकडून हीच उतराई घेण्याचे नाकारतो. मराठीत नदीच्या जागी ऋण आले, आणि जो ऋणातून पार पडला तो ‘उतराई’ झाला.

ऋण म्हटले की फेड आलीच. तैत्तिरीय संहितेत ऋषी, देव व पितर यांची तीन ऋणे सांगितली असून ब्रह्मचर्य, यज्ञ व संतती हे त्यांच्या फेडीचे मार्ग दिले आहेत. गुरूंच्या आणि संतांच्या उपकारांपाशी मात्र हा हिशेब थांबतो. संतांचे उतराई होण्यास आपला जीवही अपुरा, असे तुकाराममहाराज म्हणतात. वाल्मीकिरामायणाच्या उत्तरकांडात श्रीराम हनुमंतास सांगतात की, तुझे उपकार माझ्या ठायीच जिरून जावोत. कारण प्रत्युपकाराची वेळ मनुष्यावर संकटातच येते. फेड न करण्याची ही इच्छा म्हणजे कृतघ्नता नव्हे. ती प्रेमाची परिसीमा होय.

भागवताच्या एकादश स्कंधात नरदेहाला नौका व गुरूंना कर्णधार म्हटले आहे. याच स्कंधावरील टीका श्रीएकनाथांनी 1573 साली वाराणसीस पूर्ण केली. भवनदी पार करविणाऱ्या या नावाड्यास शिष्याने कोणती उतराई द्यावी?

उत्तर ज्ञानेश्वरीच्या शेवटी मिळते. 1290 साली नेवासे येथे ग्रंथ सिद्ध झाल्यावर ज्ञानदेवांनी स्वतःसाठी काही मागितले नाही. प्रसाद मागितला तो सर्व प्राणिमात्रांच्या कल्याणाचा. गुरूंपासून मिळालेले पुढच्यास द्यावे, हीच शिष्याची उतराई. परंपरा चालते ती या न फिटणाऱ्या ऋणावरच.