अटकेनंतर बाराव्या दिवशी खटला: स्कॉट्सबोरोच्या नऊ पोरांची गोष्ट

आजचा भाग थोडा जड आहे, आणि विषय असा की त्यावर बोलताना जीभ अडखळते. बलात्काराचा आरोप, आणि त्या आरोपातून बचाव.

सुरुवात माझ्यापासूनच करतो. २०१२ च्या डिसेंबरमध्ये दिल्लीत ती भयंकर घटना घडली तेव्हा मी शाळेत होतो. साकेत कोर्टातल्या वकिलांनी आरोपींचं वकीलपत्र घेणार नाही असं जाहीर केलं. आमच्या वर्गात सगळ्यांना ते एकदम पटलं होतं. मलाही. असल्या लोकांना वकील कशाला? ही समजूत पुढे बरीच वर्षं डोक्यात तशीच पडून होती. मग मी स्कॉट्सबोरोबद्दल वाचलं.

तारीख २५ मार्च १९३१. अमेरिकेत महामंदी सुरू होती. कामाच्या शोधात हजारो लोक मालगाड्यांमधून चोरून, फुकट प्रवास करायचे. टेनेसीतल्या चट्टानूगाहून मेम्फिसकडे जाणारी अशीच एक गाडी मधे अलाबामा राज्यातून जात होती. गाडीत काळ्या आणि गोऱ्या पोरांची मारामारी झाली आणि काळ्या पोरांनी गोऱ्यांना खाली उतरवून दिलं. त्यांनी जाऊन तक्रार केली. पुढे पेंट रॉक नावाच्या स्टेशनवर हत्यारबंद लोकांनी गाडी अडवली आणि नऊ काळी पोरं पकडली. सगळ्यात लहान १३ वर्षांचा, बहुतेक सगळे विशीच्या आतले. चौघं एकमेकांचे ओळखीचे, बाकीच्यांची आपसात ओळखसुद्धा नव्हती.

त्याच गाडीत दोन गोऱ्या तरुणी सापडल्या, व्हिक्टोरिया प्राइस आणि रूबी बेट्स. त्यांनी सांगितलं की या पोरांनी आमच्यावर बलात्कार केला. बस्स! स्कॉट्सबोरोच्या तुरुंगाबाहेर जमाव जमला आणि पोरांना वाचवायला गव्हर्नरला नॅशनल गार्ड बोलवावं लागलं.

इथे एक गोष्ट समजून घ्या. अमेरिकेत बलात्कार हा मुख्यतः राज्याच्या कायद्याखालचा गुन्हा. कोर्ट राज्याचं, ज्युरी स्थानिक, शिक्षाही राज्याच्या कायद्याने. अलाबामात तेव्हा या गुन्ह्याला थेट मृत्युदंड देता यायचा, आणि किती शिक्षा द्यायची तेही ज्युरीच ठरवायची. ज्युरीत कोण? फक्त गोरे पुरुष.

६ एप्रिलला खटला सुरू झाला. अटकेनंतर बाराव्या दिवशी. न्यायाधीशांनी वकील नेमताना गावातल्या सगळ्याच वकिलांना मिळून जबाबदारी दिली. आता सगळ्यांचं काम म्हणजे कुणाचंच नाही, हे आपल्याकडे सोसायटीच्या मीटिंगला एकदा बसलेल्या माणसालाही कळतं. शेवटी उभे राहिले दोघं. एक चट्टानूगाहून आलेला, ज्याला अलाबामाचा कायदा नीट माहीत नव्हता. दुसरे सत्तरीला टेकलेले स्थानिक वकील. आशिलांशी बोलायला मिळाला अर्ध्या तासापेक्षा कमी वेळ. चार दिवसांत आठजणांना मृत्युदंड. नववा १३ वर्षांचा रॉय राइट. त्याच्यासाठी सरकारी वकिलांनी जन्मठेप मागितली होती, पण काही ज्युरर फाशीवरच अडून बसले, म्हणून निकाल लागला नाही.

प्रकरण वरच्या कोर्टात गेलं आणि ७ नोव्हेंबर १९३२ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पॉवेल विरुद्ध अलाबामा हा निकाल दिला. सात विरुद्ध दोन. न्यायमूर्ती सदरलँड यांच्या म्हणण्याचा गाभा असा: शिकलेल्या, हुशार माणसालाही कायद्याची भाषा येत नाही. कुठला पुरावा ग्राह्य, कुठला नाही, साक्षीदाराला काय विचारायचं, त्याला कसं कळणार? तो निर्दोष असेलही, पण निर्दोषपणा दाखवायचा कसा हे माहीत नसल्यामुळे दोषी ठरेल. मग अडाणी, एकट्या, परक्या गावात सापडलेल्या पोराचं काय? आणि वकील नुसता नावाला नको, त्याला तयारीला वेळ हवा.

लक्षात घ्या, कोर्टाने 'ही पोरं निर्दोष आहेत' असं म्हटलं नाही. म्हटलं एवढंच की खटला नीट झाला नाही, परत चालवा.

दुसरा खटला १९३३ मध्ये डिकेटर गावात, न्यायाधीश जेम्स हॉर्टन यांच्यापुढे. आरोपी हेवूड पॅटरसन. या वेळी बचावाला न्यूयॉर्कचे नामांकित फौजदारी वकील सॅम्युअल लीबोविट्झ आले, आणि बचाव म्हणजे काय असतं ते तिथे दिसलं. त्यांनी कोर्टात गाडीची छोटी प्रतिकृती मांडली, डबे क्रमाने लावले आणि विचारलं, कोण कुठे होतं? गिट्टीने भरलेल्या उघड्या डब्यात इतक्या जणांनी जबरदस्ती केली असेल, तर तशा जखमा कुठे आहेत? घटनेनंतर दीडदोन तासांत तपासणी करणाऱ्या डॉक्टरांच्या साक्षीतून उत्तर आलं की किरकोळ ओरखडे सोडले तर तसं काही नव्हतं. आरोपींपैकी ओलेन माँटगोमेरीला जवळपास दिसत नव्हतं. विली रॉबर्सनला आजारामुळे धड चालता येत नव्हतं, मग तो डब्यांवरून उड्या मारत कसा गेला? आणि मग खुद्द रूबी बेट्स साक्षीला आली. म्हणाली, बलात्कार झालाच नव्हता.

ज्युरीने तरीही मृत्युदंड दिला.

इथे हॉर्टन यांनी जे केलं ते मला या सगळ्या गोष्टीत सगळ्यात मोठं वाटतं. २२ जूनला त्यांनी स्वतः तो निकाल रद्द केला. फिर्यादीच्या जबानीला बाकी पुराव्याचा दुजोरा नाही, उलट पुरावा तिच्या विरुद्ध जातो, असं सविस्तर लिहून. पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत ते हरले. न्यायाधीश म्हणून कारकीर्द संपली.

नवा न्यायाधीश, नवा खटला, परत मृत्युदंड. पण लीबोविट्झ यांनी आणखी एक धागा धरून ठेवला होता: ज्युरीच्या यादीत काळे लोक का नाहीत? राज्याने म्हटलं, आहेत की, ही बघा नावं. तर ती नावं नंतर घुसडलेली निघाली. आमच्या भाषेत सांगायचं तर लॉगमध्ये मागच्या तारखेच्या एन्ट्री! न्यायमूर्तींनी ती वही भिंगातून पाहिली असं सांगतात. १ एप्रिल १९३५ च्या नॉरिस विरुद्ध अलाबामा निकालात शिक्षा पुन्हा रद्द झाली.

म्हणजे शेवट गोड? नाही. १९३७ मध्ये चौघांवरचे आरोप राज्याने मागे घेतले आणि बाकीच्यांना लांबलचक शिक्षा ठेवल्या. पुरावा तोच, गाडी तीच. काहीजण निर्दोष आणि काहीजण दोषी, हे कसं, याचं पटणारं उत्तर कुणी दिलं नाही. शेवटचा माणूस, अँडी राइट, तुरुंगातून बाहेर पडला १९५० मध्ये. ज्या तिघांची शिक्षा कधीच रद्द झाली नव्हती, त्यांना अलाबामाने माफी दिली २०१३ मध्ये. तोवर तिघंही वारले होते.

आता मला माहितीये, काहीजण मनात म्हणतायत, 'बघा, बायका खोट्या केसेस करतात.' थांबा. याच अलाबामातली दुसरी गोष्ट ऐका.

१९४४. ॲबव्हिल गावात रेसी टेलर ही काळी तरुणी चर्चमधून घरी येत होती. सहा गोऱ्या माणसांनी तिला बंदुकीच्या धाकाने पळवलं आणि तिच्यावर बलात्कार केला. तिने तक्रार केली. तपासासाठी धडपडणाऱ्यांमध्ये होत्या रोझा पार्क्स, बसमधल्या प्रसंगाच्या ११ वर्षं आधी. एका आरोपीने तर पोलिसांना नावंही सांगितली होती. तरी ग्रँड ज्युरीने दोनदा खटला भरायलाच नकार दिला. अलाबामाच्या विधिमंडळाने तिची माफी मागितली २०११ मध्ये.

राज्य तेच, कायदा तोच, गुन्हा तोच. एकीकडे पुरावा नसताना आठ मृत्युदंड, दुसरीकडे कबुली असताना खटलाच नाही. म्हणजे प्रश्न 'बायका खोटं बोलतात का' हा नव्हताच. पुरावा न तपासता आधीच ठरवलं जात होतं की कुणावर विश्वास ठेवायचा आणि कुणावर नाही. १९३० नंतर अमेरिकेत बलात्कारासाठी ४५५ जणांना मृत्युदंड दिला गेला. त्यातले ४०५ काळे होते.

याचा आपल्याशी संबंध? आहे. आपल्या संविधानाच्या कलम २२ मध्ये अटक झालेल्याला स्वतःच्या पसंतीचा वकील घेण्याचा हक्क आहे. कलम ३९-अ मध्ये मोफत कायदेशीर मदत आहे. १९७८ मध्ये हॉस्कॉट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गरीब कैद्याला वकील पुरवणं ही सरकारची जबाबदारी आहे असं सांगितलं. आणि 'अमुक आरोपीची केस घ्यायची नाही' असे वकील संघटनांचे ठराव बेकायदा आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तमिळनाडूच्या एका प्रकरणात सांगितलं, तेव्हा आधार म्हणून पॉवेल विरुद्ध अलाबामाच उद्धृत केला.

दिल्लीच्या प्रकरणातही शेवटी आरोपींना वकील मिळाले, उलटतपासणी झाली, अपिलं झाली. आणि शिक्षा २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली. बचावामुळे खटला कमजोर झाला नाही. बचावाचा मारा सोसून पुरावा उभा राहिला, म्हणून त्या निकालाकडे आज कुणी बोट दाखवू शकत नाही. हे शाळेतल्या मला कुणी सांगायला हवं होतं.

तर पुढच्या वेळी ग्रुपवर कुणाचा तरी फोटो आणि खाली 'याला फाशी द्या' असं येईल, तेव्हा फॉरवर्ड करू नका. आणि 'ती खोटंच बोलतेय' असं आलं, तर तेही करू नका. पीडितेची ओळख उघड करणं तर आपल्याकडे गुन्हाच आहे.

आजच्यापुरतं इतकंच. तुमचं म्हणणं वेगळं असेल तर जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.