शुगर लो झाली! सशांपासून सेन्सरपर्यंतची शंभर वर्षं

हेडफोन लावलेत? चला, सुरू करूया.

आजचा एपिसोड साखरेवर आहे, पण वाढलेल्या साखरेवर नाही. तिच्याबद्दल घरात, ऑफिसात, व्हॉट्सअ‍ॅपवर सगळेच बोलतात. आज बोलायचंय उतरलेल्या साखरेबद्दल. डॉक्टर तिला हायपोग्लायसेमिया म्हणतात, आपण म्हणतो 'शुगर लो झाली'. हात थरथरतात, दरदरून घाम फुटतो, छाती धडधडते, पोटात भुकेचा खड्डा पडतो. आणखी उतरली की माणूस बरळायला लागतो, तोल जातो. आजूबाजूच्यांना वाटतं, हा प्यायलाय. हा गैरसमज लक्षात ठेवा, पुढे तो एका मशीनच्या गोष्टीत परत येणार आहे.

आधी जाऊया कॅनडातल्या टोरांटोला, साल १९२१. फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट स्वादुपिंडाच्या अर्कावर काम करत होते. प्रयोगशाळा होती प्राध्यापक मॅक्लाउड यांची. अर्क शुद्ध करायला वर्षअखेरीस जेम्स कॉलिप हा बायोकेमिस्ट टीममध्ये आला. अर्क किती जोरदार आहे हे बघायला तो निरोगी सशांना टोचायचा. डोस जास्त झाला की ससे आधी खा-खा करायचे, मग त्यांना झटके यायचे आणि ते बेशुद्ध पडायचे. ग्लुकोज टोचलं की तेच ससे काही मिनिटांत उठून बसायचे.

म्हणजे बघा, अगदी सुरुवातीच्या काळातच इन्सुलिनचा धोका आणि धोक्यावरचा उतारा दोन्ही हातात आले होते.

इन्सुलिन 'युनिट'मध्ये मोजतात, हे तुम्ही ऐकलं असेल. हे युनिट कुठून आलं? तर या सशांकडूनच. २४ तास उपाशी ठेवलेल्या २ किलोच्या सशाची साखर ४५ मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे झटके येण्याच्या पातळीपर्यंत, उतरवायला जेवढं इन्सुलिन लागेल ते एक युनिट. माणसांसाठी हे माप फार मोठं पडलं, म्हणून पुढे त्याचा एक तृतीयांश भाग धरला गेला. आज मोजमापाची पद्धत वेगळी आहे, पण आजीच्या इन्सुलिन पेनवरच्या आकड्याचं मूळ लो शुगरमध्येच आहे!

जानेवारी १९२२ मध्ये टोरांटो जनरल हॉस्पिटलमध्ये १४ वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला इन्सुलिन दिलं गेलं. पहिला डोस फारसा चालला नाही, कॉलिपने शुद्ध केलेला अर्क मात्र चालला. त्या काळी अशी मुलं उपासमारीच्या डाएटवर कसंबसं जगायची, त्यामुळे हे औषध म्हणजे पुनर्जन्मच होता. पण त्याच वर्षी तिथल्या वॉल्टर कॅम्पबेल आणि फ्लेचर या डॉक्टरांनी एक पेपर लिहून सांगितलं, की इन्सुलिननंतर साखर खाली गेली तर माणसाला नेमकं काय काय होतं. भूक, थरथर, घाम, भीती, गोंधळ. उपाय साधा होता : संत्र्याचा रस किंवा साखर. शंभर वर्षं झाली, पहिला उपाय आजही तोच आहे.

आता गोष्ट वळण घेते. अमेरिकेतल्या अलाबामाचे डॉक्टर सील हॅरिस टोरांटोला जाऊन आले. तिथे इन्सुलिन जास्त झालेले पेशंट बघून त्यांच्या डोक्यात आलं, अरे, अशी लक्षणं तर मी मधुमेह नसलेल्या लोकांतही पाहिली आहेत! यांचं शरीरच जास्त इन्सुलिन बनवत असेल तर? १९२४ मध्ये त्यांनी हे मांडलं. आहारही सुचवला : गोड कमी आणि थोडं थोडं पण वारंवार खाणं. गंमत वाटेल, पण लॉजिक पक्कं आहे. भसकन गोड खाल्लं की इन्सुलिनही भसकन येतं आणि साखर पुन्हा कोसळते.

काही जणांत मात्र कारण डाएटचं नव्हतं. स्वादुपिंडात इन्सुलिन बनवणारी बारीक गाठ असायची. १९२९ मध्ये टोरांटोतच सर्जन रॉस्को ग्रॅहम यांनी अशी गाठ काढली आणि पेशंटचे झटके, बेशुद्धी थांबली. त्या केसच्या पेपरवर परत तेच नाव दिसतं : वॉल्टर कॅम्पबेल.

मग झालं काय, चक्कर आली की 'लो शुगर'चं लेबल लावून पोट उघडायचा धोका निर्माण झाला. न्यूयॉर्कचे सर्जन अ‍ॅलन व्हिपल यांनी १९३० च्या दशकात तीन अटी घातल्या. एक, लक्षणं हवीत. दोन, त्याच वेळी रक्त तपासून साखर खरंच कमी निघायला हवी. तीन, ग्लुकोज दिल्यावर लक्षणं जायला हवीत. तिन्ही जमलं तरच पुढचं बोला. आम्हा कोडवाल्यांच्या भाषेत, बग आधी रिप्रोड्यूस करा, लॉग बघा, मग फिक्सला हात लावा. इंटरनेटवर वाचून 'मला लो शुगर आहे' म्हणणाऱ्या प्रत्येकाने हे तीन मुद्दे वाचावेत.

पुढचा थांबा फ्रान्समधलं माँपेलिए, १९४२, महायुद्धाचा काळ. डॉक्टर मार्सेल जाँबों टायफॉइडच्या पेशंटना एक नवीन सल्फा औषध देत होते. काही पेशंटची साखर धाडकन उतरली, काही दगावले. ऑग्युस्त लुबातिएर यांनी कारण शोधलं : हे औषध स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. त्या दुर्घटनेतून मधुमेहाच्या गोळ्यांचा एक अख्खा वर्ग जन्माला आला, सल्फोनिलयुरिया. ग्लिमेपिराइड हे त्यातलंच नाव, आपल्याकडच्या कितीतरी घरांच्या औषधांच्या डब्यात असलेलं.

म्हणून हा इतिहास आपल्या दारात येतो. एकादशी असो, नवरात्र असो की रोजा, गोळी नेहमीची घेतली आणि जेवण टाळलं, तर गोळीला ते कळत नाही. ती आपलं काम करतच राहते. वय झालेल्यांना आणि किडनीचा त्रास असणाऱ्यांना धोका जास्त. उपासाआधी डॉक्टरांना विचारून डोस ठरवणं यात देवाचा काही अपमान नाही.

आता ते मशीन. १९६९ च्या सुमाराला अमेरिकेत रक्तातली साखर मिनिटभरात दाखवणारं यंत्र आलं, किलोभराहून जड. कशासाठी? रात्री लॅब बंद असताना इमर्जन्सीत आलेला बेशुद्ध माणूस दारू प्यायलाय की मधुमेही आहे, हे ओळखायला! ते पेशंटला विकतच नसत. रिचर्ड बर्नस्टीन हा इंजिनिअर लहानपणापासून मधुमेही होता. त्याची बायको डॉक्टर, म्हणून तिच्या नावावर त्याने ते मागवलं. दिवसातून अनेकदा मोजून आहार आणि इन्सुलिन जुळवत गेला, साखरेचे चढउतार आटोक्यात आणले. पण डॉक्टर ऐकेनात. मग चाळिशी उलटून गेल्यावर पठ्ठ्या मेडिकल कॉलेजात गेला आणि स्वतःच डॉक्टर झाला. आज दंडावर लावायचे सेन्सर लो होण्याआधीच फोनवर अलार्म देतात, त्यामागे 'माझा आकडा मला कळू दे' हा हट्ट आहे.

शेवटी कामाचं, सेव्ह करून ठेवा. मधुमेहाचं औषध घेणाऱ्याची साखर ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम झटपट साखर द्या : पाण्यात ग्लुकोज पावडर किंवा साखरेचे तीन-चार छोटे चमचे, नाहीतर अर्धा कप फळांचा रस. चॉकलेट नको, त्यातल्या फॅटमुळे साखर उशिरा चढते. १५ मिनिटांनी परत मोजा, अजून कमी असेल तर परत द्या. बरं वाटलं की पोळी-भाजी, दूध असं काहीतरी नीट खायला घाला. अकार्बोज चालू असेल तर साधी साखर हळू काम करते, तिथे ग्लुकोजच हवं. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांमुळे लो झाली असेल तर काही तासांनी परत उतरू शकते, डॉक्टरांना फोन कराच. आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका, श्वासनलिकेत जाईल. कुशीवर वळवा, १०८ ला फोन लावा. तिथे शिरेतून ग्लुकोज किंवा ग्लुकॅगॉनचं इंजेक्शनच लागतं.

मधुमेह नाही, तरी वारंवार असं होतंय? व्हिपलच्या तीन अटी घेऊन डॉक्टरकडे जा.

आणि लोकलमध्ये, एसटी स्टँडवर कुणी घामाघूम होऊन बरळताना दिसलं, तर 'बेवडा' म्हणून पुढे जाण्याआधी एक प्रश्न विचारा : "काका, शुगरची गोळी घेता का?" तेवढ्याने एखादा जीव वाचू शकतो.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर वेळेवर जेवा!